स्क्रीनवरची रक्कम आणि खात्यात उतरणारी रक्कम: क्रिप्टोतल्या ‘शंभरपट’चा हिशेब

मुठाकाठ (धागाकर्ता)

हिंजवडीच्या कंपनी बसमध्ये, टिळक रोडवरच्या अमृततुल्यात, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, सगळीकडे एकच आकडा कानावर पडतो: शंभरपट. पन्नास हजार टाका, पन्नास लाख होतील. नाण्याचं नाव दर दोन महिन्यांनी बदलतं, आकडा तोच. क्रिप्टो घ्यावं की घेऊ नये, हा वाद इथे नको, त्यावर भरपूर झालंय. अ‍ॅपमध्ये दिसणारी रक्कम आपल्या बचत खात्यात उतरेपर्यंत वाटेत कुठे कुठे गळते आणि का, एवढंच या धाग्यावर नीट लिहून ठेवू. कर, ब्लॉकचेन, बँक, पोलिस तक्रार यातलं ज्याला जे कळतं त्याने ते आकड्यांसह लिहावं.

सुरुवात भावापासून करतो. नाणं पैशाच्या अंशात मिळतं म्हणून ते स्वस्त वाटतं. ‘शिबा इनू एक रुपयाला गेलं तर?’ हा प्रश्न २०२१ पासून विचारला जातोय. शिबा इनूची मुळात १,००० लाख कोटी नाणी होती. त्यातली सुमारे ४१० लाख कोटी ईथेरियमचे सहसंस्थापक व्हिटालिक ब्युटेरिन यांनी मे २०२१ मध्ये कायमची नष्ट केली. उरली साधारण ५८९ लाख कोटी. एका नाण्याला एक रुपया म्हणजे एकूण किंमत ५८९ लाख कोटी रुपये. भारताचं २०२४-२५ या अख्ख्या वर्षाचं सकल देशांतर्गत उत्पादन साधारण ३३० लाख कोटी रुपये आहे. म्हणजे देशाच्या वर्षभराच्या उत्पादनाच्या पावणेदोनपट पैसा या एका नाण्यात यायला हवा. ऑक्टोबर २०२१ मधल्या सर्वोच्च भावालासुद्धा ते एका पैशाच्या आतच होतं.

त्यामुळे कुठलाही ‘कॉल’ (अमुक नाणं घ्या असा सल्ला) आला की आधी भाव गुणिले चलनातली नाणी हा गुणाकार करा. मग अजून बाहेर न आलेली, संस्थापकांच्या आणि सुरुवातीच्या गुंतवणूकदारांच्या नावे कुलूपबंद असलेली नाणी किती आणि ती कधी सुटणार ते बघा. त्या तारखांना विक्रीचा लोंढा येतो.

हिशेबनीस

मुठाकाठ, तुमचंच उदाहरण घेते. शंभरपट खरोखर झालं असं धरू.

५०,००० चे ५० लाख झाले. नफा ४९,५०,०००. त्यावर सरळ ३० टक्के कर, म्हणजे १४,८५,०००. वर ४ टक्के सेस, ५९,४००. एकूण १५,४४,४००. पगार मिळवून त्या वर्षाचं उत्पन्न ५० लाखांच्या वर गेलं (हिंजवडीतल्या माणसाचं जाणारच) तर १० टक्के सरचार्जही लागतो आणि आकडा १६,९८,८४० पर्यंत पोचतो. स्लॅब नाही, आणि दोन वर्षं सांभाळलं म्हणून सवलतही नाही.

हा नियम १ एप्रिल २०२२ पासून आहे. त्यातलं सगळ्यात जाचक कलम वेगळंच आहे, आणि लोकांना ते रिटर्न भरायला बसल्यावर कळतं: तोटा कशातूनच वजा होत नाही. एका नाण्यात १ लाख नफा आणि दुसऱ्यात १ लाख तोटा, म्हणजे तुमच्या हाती शून्य. तरी कर ३१,२०० रुपये. तो तोटा पुढच्या वर्षी नेता येत नाही, शेअरच्या नफ्यातूनही वळता होत नाही. खरेदीची किंमत सोडून दुसरा खर्चही धरला जात नाही. कोर्सची फी, लॅपटॉप, कर्जाचं व्याज, काहीच नाही.

नाणं देऊन दुसरं नाणं घेतलं तरी ती विक्रीच. रुपये हातात आले नाहीत म्हणून कर लागत नाही, असं समजणारे खूप आहेत.

मग १ जुलै २०२२ पासूनचा १ टक्का टीडीएस. तो नफ्यावर नाही, विक्रीच्या पूर्ण रकमेवर कापतात. १ लाख रुपये घेऊन रोज घे-वीक करणाऱ्याने ना नफा ना तोटा अशा ५० विक्र्या केल्या, तर हाताशी भांडवल उरतं सुमारे ६०,५००. बाकीचे ३९,५०० टीडीएसमध्ये. बुडत नाहीत, फॉर्म २६एएसमध्ये दिसतात आणि रिटर्न भरल्यावर करातून वळते होतात किंवा परत मिळतात. पण तोपर्यंत ते भांडवल वापरता येत नाही.

रिटर्नसाठी सहज म्हणजे आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ किंवा ३ लागतो. त्यात व्हीडीएचं (क्रिप्टोसाठी कायद्यातलं नाव) वेगळं परिशिष्ट आहे आणि प्रत्येक व्यवहाराची खरेदीची तारीख, विक्रीची तारीख, खरेदी किंमत आणि मिळालेली रक्कम भरायची असते. एक्स्चेंजचा अहवाल दर महिन्याला उतरवून ठेवा. एक्स्चेंज बंद पडलं तर जुने व्यवहार मिळायची मारामार होते, आणि खरेदी किंमत सिद्ध करता आली नाही तर अख्ख्या विक्रीवर कर मागितला जाऊ शकतो. वर्षाचा देय कर १०,००० च्या वर जात असेल तर आगाऊ कराचे हप्ते १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च. डिसेंबरात विकून तोच पैसा परत नव्या नाण्यात घालू नका. मार्चपर्यंत ते नाणं पडलं तरी डिसेंबरातल्या नफ्याचा कर तेवढाच राहतो. कराचे पैसे विक्रीच्या दिवशीच वेगळ्या खात्यात काढून ठेवा.

गाठोडं

ताई, म्हणूनच सगळे फ्युचर्सकडे, म्हणजे नाणं न घेता नुसत्या भावावर सौदा करण्याकडे, वळतायत ना? तिथे १ टक्का कापत नाहीत अशी जाहिरात असते, आणि १०,००० रुपयांत २ लाखांची पोझिशन, म्हणजे तेवढ्या रकमेचा सौदा, मिळते.

चढउतार

@गाठोडं, त्याच उदाहरणावर हिशेब करू. १०,००० मार्जिन (तुमची अनामत), २०पट लिव्हरेज (अनामतीच्या किती पट सौदा), पोझिशन २ लाखांची.

भाव ५ टक्के उलटा गेला की २ लाखांचे ५ टक्के म्हणजे तुमचे पूर्ण १०,००० संपले. प्रत्यक्षात त्याआधीच पोझिशन बंद होते, कारण एक्स्चेंज देखभालीचं मार्जिन राखून ठेवतं. ते अर्धा टक्का धरलं तर साधारण साडेचार टक्क्यांवर लिक्विडेशन, म्हणजे पोझिशन सक्तीने बंद. बिटकॉइन एका दिवसात चार-पाच टक्के हलणं ही नेहमीची गोष्ट आहे, लहान नाणी तर तेवढी तासाभरात हलतात. तुमचा अंदाज महिन्याभराने बरोबर ठरला तरी उपयोग नाही, तुम्ही पहिल्याच दिवशी बाहेर फेकले गेलेले असता.

आता खर्च. फी ०.०५ टक्के धरू, पण ती मार्जिनवर नाही, पूर्ण पोझिशनवर. घुसताना १००, निघताना १००, त्यावर १८ टक्के जीएसटी ३६. एका फेरीचे २३६ रुपये, म्हणजे मार्जिनच्या २.३६ टक्के. शिवाय फंडिंग, म्हणजे पोझिशन उघडी ठेवल्याबद्दल ठराविक वेळाने कापली जाणारी रक्कम. बहुतेक ठिकाणी ते दर आठ तासांनी घेतात. दर ०.०१ टक्के असला तर एका वेळचे २० रुपये, दिवसाचे ६०, महिन्याचे १,८००. भाव जागचा हलला नाही तरी महिन्यात मार्जिनचा १८ टक्के भाग फंडिंगमध्येच जातो. तेजी जोरात असते तेव्हा हा दर अनेकपट वाढतो, आणि नवखा माणूस नेमका तेव्हाच येतो.

सेटिंगमध्ये ‘क्रॉस’ आणि ‘आयसोलेटेड’ असे दोन प्रकार असतात. क्रॉस ठेवलं तर पोझिशन वाचवायला वॉलेटमधली बाकीची शिल्लकही ओढली जाते. अनेक अ‍ॅपमध्ये क्रॉस हेच आधीपासून निवडलेलं असतं, ते बघितल्याशिवाय ऑर्डर टाकू नका. स्टॉप-लॉस (ठरलेल्या भावाला आपोआप बाहेर पडायची ऑर्डर) लावला की निर्धास्त, असंही नाही. १० ऑक्टोबर २०२५ च्या घसरणीत एका दिवसात सुमारे १९ अब्ज डॉलरच्या पोझिशन सक्तीने बंद झाल्या. काही लहान नाणी मिनिटांत निम्म्याच्या खाली गेली. अशा वेळी स्टॉप-लॉस सुटतो, पण समोर घेणारा नसल्याने सौदा खूप खालच्या भावाला होतो.

साखळीवाचक

भाव, नफा, लिव्हरेज यावर वर आलंच आहे. मी तरलतेवर, म्हणजे विकायला गेल्यावर समोर घ्यायला पैसा किती आहे यावर, लिहितो, कारण नव्या टोकनांचे ‘कोट्यधीश’ इथेच अडकतात.

विकेंद्रित एक्स्चेंजवर समोर माणूस नसतो, एक कुंड असतं. त्यात एका बाजूला टोकन, दुसऱ्या बाजूला यूएसडीटी (डॉलरच्या भावाला बांधलेलं नाणं), आणि दोघांचा गुणाकार कायम ठेवायचा हा नियम. समजा कुंडात १० कोटी टोकन आणि २०,००० यूएसडीटी आहेत. भाव ०.०००२ डॉलर. एकूण १०० कोटी टोकन असतील तर संकेतस्थळ मार्केट कॅप २ लाख डॉलर दाखवणार. तुमच्याकडे १० कोटी टोकन आहेत, वॉलेट म्हणतं २०,००० डॉलर. ती सगळी विकली की कुंडात २० कोटी टोकन होतात, गुणाकार तोच राहायला हवा म्हणून यूएसडीटी उरतात १०,०००. तुमच्या हाती १०,००० येतात आणि भाव चौथ्या हिश्श्यावर पडतो. तुमच्या आधी कुणी तेवढीच टोकन विकून गेला असेल, तर तुम्हाला ३,३३३ मिळतात. मार्केट यार्डात एकच गिऱ्हाईक उभं असताना शंभर पोती कांदा उतरवल्यावर जे होतं, तेच हे. म्हणून मार्केट कॅप नाही, कुंडातली तरलता बघा. आणि तरलतेच्या एक-दोन टक्क्यांहून मोठी रक्कम अशा टोकनात असेल तर वॉलेटमधला आकडा खरा धरू नका.

टोकन तपासायचं ते असं. ग्रुपवर आलेल्या लिंकवरून जाऊ नका. कॉन्ट्रॅक्टचा (टोकन चालवणाऱ्या कोडचा) पत्ता घेऊन ईथरस्कॅन किंवा बीएससीस्कॅन या ब्लॉकचेनवरचे व्यवहार दाखवणाऱ्या संकेतस्थळांवर टाका. आधी कोड पडताळलेला आहे का बघा, नसेल तर तिथेच थांबा. मग होल्डर्सची यादी उघडा. कुंडाचा आणि नष्ट केलेल्या नाण्यांचा पत्ता वगळून वरच्या दहा जणांकडे किती टक्के आहे? सगळ्या पत्त्यांना पहिले पैसे एकाच वॉलेटमधून आले असतील तर तो एकच माणूस आहे. मग तरलतेच्या पावत्या, म्हणजे एलपी टोकन, कुणाकडे आहेत ते पहा. त्या निर्मात्याच्याच वॉलेटमध्ये असतील तर तो एका व्यवहारात सगळे यूएसडीटी उचलून नेऊ शकतो. ‘लॉक आहे’ म्हणत असतील तर लॉकची तारीख वाचा. तीस दिवसांचं लॉक असेल तर एकतिसाव्या दिवशी काय होईल ते कळतंच आहे. सोलाना या ब्लॉकचेनवर मिंट आणि फ्रीझ हे दोन्ही अधिकार सोडलेले आहेत का ते पाहा. मिंट शिल्लक असेल तर हवी तेवढी नाणी छापता येतात, फ्रीझ असेल तर तुमचं खातं गोठवता येतं.

कर्वेनगरी

साखळीवाचक दादा, ५०० रुपयांचं टोकन घेऊन लगेच विकून बघितलं आणि विकलं गेलं, तर ते सुरक्षित धरायचं का?

साखळीवाचक

नाही. अनेक कॉन्ट्रॅक्टमध्ये विक्रीवरचा टॅक्स मालकाला नंतर बदलता येतो. आज ३ टक्के असतो, गर्दी जमली की ९९ टक्के करतात. काहींत ठराविक पत्त्यांना काळ्या यादीत टाकायची सोय असते. म्हणून चाचणी विक्रीसोबत कोडमध्ये टॅक्स बदलणारं किंवा पत्ते अडवणारं फंक्शन आहे का, आणि मालकीहक्क सोडलाय का, हेही तपासा. भावाच्या तक्त्यावर नुसत्या हिरव्या (भाव चढल्याच्या) काड्या आणि एकही लाल नसेल तर बहुधा कुणालाच विकता येत नाहीये.

अजून एक. टोकन घेताना वॉलेट ‘अप्रूव्ह’ मागतं, ती परवानगी अमर्याद असू शकते आणि तुम्ही साइट बंद केल्यावरही चालू राहते. गरजेपुरताच आकडा टाका, काम झालं की परवानगी रद्द करा. रद्द करायलाही गॅस (ब्लॉकचेनवरच्या व्यवहाराची फी) लागतो, तेवढं ईथर किंवा बीएनबी शिल्लक ठेवा.

निगडीकर

नवीन नाण्यांबद्दल चांगलं लिहिलंत. पण ‘दरमहा खात्रीशीर परतावा’ हा प्रकार वेगळा आहे आणि पुण्याला त्याचा चांगलाच अनुभव आहे. गेनबिटकॉइन आठवा. एक बिटकॉइन द्या, १८ महिने दरमहा १० टक्के घ्या, म्हणजे एकाचे १.८. पुण्यात दत्तवाडी आणि निगडी पोलिस ठाण्यांत गुन्हे दाखल झाले, २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी सूत्रधार अमित भारद्वाजला अटक केली. २०२२ मध्ये तो वारला. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरातले गुन्हे सीबीआयकडे सोपवले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये साठाहून जास्त ठिकाणी झडत्या झाल्या, त्यात पुणे, कोल्हापूर, नांदेडही होतं. परताव्याचे बिटकॉइन देणं जमेना तेव्हा लोकांना एमकॅप नावाचं स्वतःचंच टोकन टेकवलं गेलं. ते विकायला बाजारच नव्हता.

हे गणिताने शक्यच नव्हतं, ते का ते सांगतो. त्या काळात मायनिंगमध्ये, म्हणजे ब्लॉकचेनवर व्यवहारांचा नवा ब्लॉक जोडण्याच्या कामात, एका ब्लॉकला १२.५ बिटकॉइन मिळायचे, दिवसाला सुमारे १४४ ब्लॉक, म्हणजे अख्ख्या जगात मिळून रोज १,८०० नवे बिटकॉइन. एप्रिल २०२४ पासून ब्लॉकला ३.१२५, रोज ४५०. मशीन कितीही वाढवा, हा आकडा वाढत नाही. दर २,०१६ ब्लॉकांनी, साधारण चौदा दिवसांनी, ब्लॉक मिळवण्याचं काठिण्य बदलतं आणि प्रत्येकाचा वाटा कमी-जास्त होतो. मायनिंगचं उत्पन्न ठरलेल्या टक्क्यात देणं कुणालाच शक्य नाही. जो देतो तो नव्या माणसाच्या पैशातून देतो.

आजच्या योजनांत ‘क्लाउड मायनिंग’च्या जागी ‘एआय बॉट’ आलाय, बाकी रचना तीच: हॉटेलच्या हॉलमधला सेमिनार, डावा-उजवा लेग, डाउनलाइनवर (आपल्याखाली जोडलेल्या माणसांवर) कमिशन. आणि एक लक्षात ठेवा, आपल्याखाली माणसं जोडणाऱ्यावरही गुन्हा दाखल होतो. महाराष्ट्राचा १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा आणि केंद्राचा २०१९ चा अनियंत्रित ठेव योजना बंदी कायदा, दोन्ही लागू शकतात.

शाखेतला

बँकेच्या बाजूने. लोक यूएसडीटी पीटूपीवर (थेट दुसऱ्या माणसाला) विकतात, पैसे यूपीआयने येतात आणि काही दिवसांनी खात्यावर लीन लागतं, म्हणजे रक्कम अडकते. याचं कारण असं, की तुम्हाला आलेला पैसा दोन-तीन खाती आधी कुणाच्या तरी फसवणुकीचा असतो. तो माणूस १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करतो, पैसा ज्या ज्या खात्यांतून गेला ती सगळी अडकतात. बाजारभावापेक्षा तीन-चार रुपये जास्त देणारा खरेदीदार दिसला की तो का देतोय याचा विचार करा. खातेदाराचं नाव आणि एक्स्चेंजवरचं केवायसीचं नाव एकच हवं. ‘माझ्या मित्राच्या खात्यातून पाठवतो’ म्हटलं की ऑर्डर रद्द.

लीन लागलंच तर शाखेतून तक्रारीचा क्रमांक, कुठल्या राज्यातलं कुठलं पोलिस ठाणं आणि वादग्रस्त रक्कम किती, हे लेखी घ्या. ऑर्डर क्रमांक, चॅट, व्यवहाराचा टीएक्सआयडी (ब्लॉकचेनवरचा क्रमांक), बँक स्टेटमेंट जोडून त्या तपास अधिकाऱ्याला ईमेल आणि रजिस्टर पोस्टाने पाठवा, आणि लीन वादग्रस्त रकमेपुरतंच ठेवावं अशी मागणी करा. दाद लागली नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली तिथल्या न्यायालयात अर्ज. पगाराचं खातं आणि गृहकर्जाच्या हप्त्याचं खातं या व्यवहारांना कधीच वापरू नका.

विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर ‘खातं वापरायला द्या, दर व्यवहाराला कमिशन’ असे मेसेज फिरतात. पोरांनो, यात आरोपी म्हणून पहिलं नाव खातेदाराचं लागतं. कृपया देऊ नका.

सनदशीर

बनावट अ‍ॅपबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. अ‍ॅप स्टोअरवर नसतं, टेलिग्रामवरून एपीके (अ‍ॅपची फाइल) पाठवतात. सुरुवातीला दोन-पाच हजार काढू देतात, म्हणून विश्वास बसतो. मोठी रक्कम काढायला गेलं की ‘आधी २० टक्के कर भरा’. वर हिशेबनीस ताईंनी लिहिलंय ते पुन्हा वाचा: टीडीएस विक्रीच्या रकमेतून कापला जातो आणि बाकीचा कर आपण सरकारकडे भरतो. पैसे सोडवायला वेगळे पैसे मागणारं एक्स्चेंज खोटंच. मार्च २०२३ पासून भारतात सेवा देणाऱ्या एक्स्चेंजना फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदणी सक्तीची आहे, ती आधी तपासा. पण नोंदणी म्हणजे विमा नव्हे. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, एक्स्चेंजवरच्या नाण्यांना नाही. १८ जुलै २०२४ ला वझीरएक्समधून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली, तेव्हा ग्राहकांची क्रिप्टो वर्षाहून जास्त काळ अडकून पडली.

फसवणूक लक्षात आली की त्याच तासाला १९३० लावा आणि सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाका. वॉलेटचा पत्ता आणि टीएक्सआयडी मजकूर म्हणून लिहा, नुसता फोटो नको, फोटोवरून ४२ अक्षरं कुणी टाइप करत बसत नाही. यूएसडीटी असेल तर जारी करणारी कंपनी पोलिसांच्या विनंतीवरून पत्ता गोठवू शकते, म्हणून तासांना महत्त्व आहे. बिटकॉइनमध्ये ती सोयच नाही. वाकड, हिंजवडी, निगडी पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात येतात, कोथरूड-हडपसर पुणे शहरात, पण हद्दीचं कारण सांगून परत पाठवलं तर झिरो एफआयआरचा (हद्द न बघता नोंदवायच्या गुन्ह्याचा) आग्रह धरा. आणि नंतर ‘पैसे परत मिळवून देतो’ म्हणणाऱ्याला दमडी देऊ नका. बहुतेकदा त्याच टोळीने यादी पुढे विकलेली असते.

कर्वेनगरी

शेवटचा प्रश्न. वॉलेटमधलं यूएसडीटी एक्स्चेंजवर पाठवताना नेटवर्क चुकलं तर?

साखळीवाचक

ट्रॉनचा पत्ता ‘टी’ने सुरू होतो, तिथे चूक लगेच कळते. ईथेरियम आणि बीएनबी चेन दोन्हीचे पत्ते ‘०एक्स’ने सुरू होतात, त्यामुळे चुकीच्या साखळीवर पाठवलं तरी व्यवहार यशस्वी दिसतो आणि एक्स्चेंजवर जमा मात्र होत नाही. एक्स्चेंजच्या मदतीने ते कधी मिळतं, कधी नाही. म्हणून जमा करायच्या पानावर लिहिलेलं नेटवर्क आणि वॉलेटमध्ये निवडलेलं नेटवर्क एकच आहे ना ते बघा. एक्सआरपीसारख्या नाण्याला टॅगही (तुमचं खातं ओळखायचा क्रमांक) लागतो. आधी १० डॉलर पाठवा, ते एक्स्चेंजवर दिसले की उरलेले. दुसऱ्यांदा पाठवताना पत्ता जुन्या व्यवहारांच्या यादीतून उचलू नका. पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं तुमच्या पत्त्यासारखी असलेला पत्ता बनवून, तिथून शून्य रकमेचा व्यवहार तुमच्या यादीत घुसवतात. जमा करायच्या पानावरून पत्ता नव्याने कॉपी करा आणि मधली सहा अक्षरंही जुळवून बघा.